मधली धार

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आज सँपल दिलं तर परवा येतो, मध्ये रविवार आला तर तेरवा. एवढ्या वेळात जंतू प्रयोगशाळेत वाढतात आणि शंका घरी. जंतूंना निदान ३७ अंश तापमान आणि काचेची बशी तरी लागते. शंकेला मोबाइल पुरतो.

दुखणं तसं घरोघरचं. साधारण निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी मूत्रमार्गाचा संसर्ग होतोच. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची २०च्या आसपास. जंतूच्या नजरेनं पाहिलं तर बाई म्हणजे स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवरचा फ्लॅट आणि पुरुष म्हणजे जाहिरातीत 'शेअर रिक्षाची सोय' असं लिहिलेला. जंतू जागा कुठे घेणार, हे आम्हा डोंबिवलीकरांना कुणी समजावून सांगायला नको.

त्यात आमचं जाणं-येणं सीएसएमटीचं. लेडीज डब्यात पाणी न पिणं हे एक शास्त्र आहे. सकाळी अर्धा कप चहा, गाडीत नुसते ओठ ओले करायचे, ऑफिसात पोचल्यावर एक पेला, जेवताना एक, आणि चारनंतर पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. कारण संध्याकाळची गाडी लटकत जायची असते, आणि स्टेशनातल्या स्वच्छतागृहात शिरायचं म्हणजे श्वास, ओढणी, पर्स आणि सुटे पैसे असं सगळंच एकदम धरून ठेवावं लागतं. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू झाली. तिचा मूळ सवाल अगदी हिशेबी होता : पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का? त्या सवालाचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही, तोवर आम्ही पाण्याची बाटली भरून नेतो आणि बहुतेक वेळा भरलेलीच परत आणतो.

तर जळजळ सुरू झाली. डब्यात मी नुसतं म्हटलं, "उन्हाळी लागलीय गं." ठाणं यायच्या आत निम्म्या डब्याला माझ्या मूत्राशयाची खबर होती आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. एकीनं धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं, दुसरीनं सब्जा. तिसरी म्हणाली, वाळा माठात टाक. टिटवाळ्याहून येणारी मैत्रीण पायाच्या अंगठ्याच्या नखाला चुना लावायला सांगत होती, का लावायचा असं विचारल्यावर ती मुलुंड येईपर्यंत गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आमच्याकडे लावतात." घरी सासूबाईंनी गोखरूचा काढा चढवला. न्यू जर्सीच्या भाचीला कुणी कळवलं देव जाणे, तिनं क्रॅनबेरीचा रस पी म्हणून निरोप धाडला. क्रॅनबेरीनं पुन्हापुन्हा होणारा संसर्ग थोडाफार टळतो, झालेला काही बरा होत नाही. आणि डोंबिवलीत ज्या भावाला ती मिळते त्यात धने-जिऱ्याचं वर्षभराचं पाणी येतं. पण सांगायचा मुद्दा हा की त्या दिवसापर्यंत माझं दुखणं सार्वजनिक होतं आणि मी अगदी सुखात जळजळत होते.

बिघडलं ते दवाखान्यात. तक्रार पुन्हापुन्हा येतेय म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. रूटीन तपासणीचा कागद त्यांच्या हातात होता : पस सेल १५ ते २०, नायट्राइट निगेटिव्ह. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "मिस्टर फिरतीवर असतात का?"

"असतात ना. बँकेच्या ऑडिटला. आता जळगावला होते."

त्यांनी काहीतरी लिहिलं. जळगाव लिहिलं की आणखी काही, ते माझ्या बाजूनं उलटं असल्यामुळे वाचता आलं नाही. जळगाव म्हटलं की माझ्या मनात तोवर केळी आणि भरिताची वांगी एवढंच यायचं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. पस आहे आणि नायट्राइट नाही, म्हणजे नेहमीचाच जंतू असेल किंवा नसेलही. कल्चरमध्ये सगळे जंतू उगवत नाहीत. क्लॅमिडिया नावाचा एक आहे, तो जिवंत पेशीच्या आत राहतो, बशीत वाढतच नाही. त्याला पीसीआर तपासणी लागते, तिच्यातच गोनोरियाचंही कळतं. "शंका म्हणून नाही हं, खात्री म्हणून. मिस्टरांचीही करून घ्या. आणि रिपोर्ट येईपर्यंत संबंध नकोत." शेवटचा नियम ऐकून मला जरा हसू आलं. वन बीएचकेत सासूबाई आणि बारावीचा मुलगा असताना तो नियम पाळायला डॉक्टर लागत नाही.

आता सँपल. काउंटरवरची मुलगी वयानं लहान, पण आवाज फलाटावरच्या घोषणेचा. "मॅडम, कल्चरला मधली धार! पहिली सोडायची, शेवटची सोडायची! आणि पीसीआरला पहिली धार, त्याच्या आधी तासभर जायचं नाही!" बाकड्यांवर बसलेले एकूण एक लोक आपापल्या मोबाइलमध्ये खोल बुडाले. मधल्या धारेचं कारण उघड आहे : सुरुवातीची धार मार्गातला कचरा धुऊन काढते, मधली खरी आतली बातमी देते. क्लॅमिडिया मात्र त्या मार्गाच्या भिंतीतच बसलेला, म्हणून त्याला पहिली धार हवी. ज्या बाईला दर पंधरा मिनिटांनी धावावं लागतंय, तिला तासभर थांबायला सांगणं म्हणजे काय, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल.

या मधल्या धारेचा शोध मात्र प्रयोगशाळांचा नव्हे. 'योगरत्नाकर' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मूत्रपरीक्षा दिली आहे, तिथे रुग्णाला पहाटे उठवून, पहिली धार सोडून, मधली धार पांढऱ्या काचेच्या भांड्यात घ्यायला सांगितलंय. मग उजेडात त्यावर गवताच्या काडीनं तेलाचा थेंब सोडायचा. थेंब भरकन पसरला तर रोग बरा होणारा, जागच्या जागी राहिला तर जिकिरीचा, बुडाला तर आटोपलं. निदान किती अचूक होतं ते बाजूला ठेवा, रिपोर्ट जागच्या जागी मिळत होता. रुग्णाला तीन दिवस जळगावचा विचार करत बसावं लागत नव्हतं. शिवाय चरकानं प्रमेहाचे २० प्रकार सांगितले ते लघवीचं रूप पाहून पाहून. त्या काळी वैद्याला काय काय बघावं लागत असेल, या विचारानं मला काउंटरवरच्या मुलीची थोडी दया आली.

कल्चरसाठी सकाळची पहिली लघवी बरी म्हणून ती बाटली मी पहाटे घरीच भरली. लॅब आठला उघडते आणि बाटली दोन तासांत पोचली नाही तर फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर जंतू वाटेतच वाढतात आणि आकडा फुगतो. तेव्हा बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाशेजारी ठेवली. सासूबाई साडेपाचला उठतात आणि आधी फ्रिज उघडतात. त्या दिवशी मी साडेपाच ते आठ फ्रिजला पाठ लावून भाजी निवडत उभी होते.

बाटली गेली, आणि खरी परीक्षा सुरू झाली. बशीतल्या ज्या गोळ्यावर जंतू वाढवतात त्याला अगार म्हणतात. आधी जिलेटिन वापरायचे, ते उन्हाळ्यात वितळायचं. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसेची बायको फॅनी हिनं सुचवलं की मी जॅम-जेलीत अगार घालते, ते वितळत नाही, ते घेऊन पाहा. सगळं जंतुशास्त्र त्या स्वयंपाकघरातल्या अगारवर उभं राहिलं. अगारला तिचं नाव नाही. पुढे १८८७ साली ज्या पेट्रीनं त्या बशीला झाकण केलं, त्याच्या नावानं मात्र जगभर पेट्री डिश. ही माहिती मी रात्री दोन वाजता वाचली आणि शेजारी घोरणाऱ्या नवऱ्याकडे बराच वेळ बघत बसले. तपासणीचं अजून त्याच्या कानावर घातलेलं नव्हतं.

सकाळी घातलं. नवरा प्रथम "मला काय झालंय?" म्हणाला, मग "मला कशाला?" म्हणाला, आणि तिसऱ्यांदा काही म्हणालाच नाही. ऑडिट खात्यातला माणूस गप्प झाला की समजावं, तो नोंदी तपासायला बसला आहे. गोनोरियाची लक्षणं साधारण दोन ते सात दिवसांत दिसतात, क्लॅमिडियाची एक ते तीन आठवड्यांत, हे त्यानं पाच मिनिटांत शोधून काढलं आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहिला. मीही गेले. त्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरच्या तारखा सोडून कधी कुणी काही पाहिलेलं नव्हतं. मी जळगावचे चौकोन बघत होते. नवरा थोडा वेळ बोट फिरवत राहिला आणि एकदम म्हणाला, "कर्जतला तुमच्या शाळेच्या गेट-टुगेदरला कोण कोण होतं गं?"

म्हणजे तपास दुतर्फा होता!

क्लॅमिडियाबद्दल पुढे वाचलं आणि तो कॅलेंडरचा मार्गही बंद झाला. बहुतेक बायकांना त्याची लक्षणंच दिसत नाहीत; तो महिनोन् महिने काहीही न बोलता राहू शकतो. संशय घ्यायचाच म्हटलं तर जळगावात किंवा कर्जतला उतरून चालत नाही, मागे मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की लग्नाचा अल्बम लागतो. तिथे आम्ही दोघंही इतके बावळट दिसतो की तपास आपोआप थंडावतो.

अशा वेळी सगळा समाज एका आधाराला लटकतो, तो म्हणजे सार्वजनिक संडास. "बाहेरच्या संडासातून लागलं असेल," हे वाक्य किती संसारांना तारून गेलं असेल! नवऱ्यानंही ते म्हटलं, आणि फार आशेनं म्हटलं. पण हे जंतू शरीराबाहेर फार टिकत नाहीत, संडासाच्या सीटवरून कुणाला लागत नाहीत. आणि जळगावच्या ज्या लॉजवर त्याची बँक त्याला उतरवते तिथे, त्याच्याच म्हणण्यानुसार, भारतीय पद्धतीचा संडास आहे. त्याला सीटच नाही. हे मी दाखवून दिल्यावर त्यानं बँकेच्या प्रवासभत्त्याबद्दल बरंच काही ऐकवलं.

डब्यात मात्र माझी पंचाईत झाली. "कल्चर दिलंय" इथपर्यंत सगळ्या उत्साहानं ऐकत होत्या. "आणखी एक तपासणी सांगितलीय," म्हटल्यावर "कुठली?" आलं, आणि मी म्हटलं, "व्हिटॅमिन डी." डब्यातल्या सहाजणींचं व्हिटॅमिन डी कमी निघालं होतं, विषय दादरपर्यंत पुरला. जळजळ तीच होती, मूत्राशयही तेच. कालपर्यंत मला पायाच्या अंगठ्याला चुना लावणारी मैत्रीण होती. आज मला माझाच रोग उन्हात उभं राहून मिळवायचं जीवनसत्त्व म्हणून सांगावा लागत होता. त्या दोन दिवसांत पुन्हा जाणवलं ते रुळांकडेच्या भिंतींचं. गुप्तरोग, जुनाट रोग, खात्रीशीर इलाज, असं हातहातभर मोठ्या अक्षरांत चुन्यानं लिहिलेलं असायचं, अजूनही कुठे कुठे दिसतं. हजारो माणसं रोज जाता-येता ते वाचतात. एवढ्या जाहीरपणे लिहिलेली दुसरी गुप्त गोष्ट मुंबईत नसेल.

र. धों. कर्वे या माणसाला या प्रकाराची फार चीड होती. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, आणि लोक ज्याला गुप्तरोग म्हणत त्यावर ते पडशाखोकल्यावर लिहावं तसं लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. दंड व्हायचा तो झालाच. त्या मासिकाचे वर्गणीदार अंक कुठे लपवून ठेवत असतील, हा मला पडलेला प्रश्न आहे. बहुधा जिथे मी बाटली ठेवली तिथे नाही, तेव्हा फ्रिज नव्हते.

आणि गंमत म्हणजे सरकार या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लक्षणं सांगितली की त्यानुसार रंगीत पाकिटातली औषधं फुकट मिळतात : करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं अशी सात पाकिटं. रिपोर्टसाठी थांबायचं नाही, लक्षणांवरून लगेच उपचार, आणि जरूर असेल तिथे जोडीदारालाही औषध. वर समुपदेशक, जो कॅलेंडर बघत नाही. आम्ही मध्यमवर्गीय मात्र खाजगीत पैसे भरून शंका विकत घेतो, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही असा आपला समज असतो. माझ्या लॅबमध्ये मला सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांच्याही हातात बाटली होती. दोघांनीही पाण्याच्या टाकीच्या सफाईबद्दल बोलून वेळ मारून नेली, आणि मला वाटतं, त्या विषयाची एवढी सखोल चर्चा सर्वसाधारण सभेतही कधी झाली नसेल.

नवऱ्याचं सँपल दुसऱ्या दिवशी होतं. मी सोबत गेले, हौस म्हणा. तीच मुलगी, तोच आवाज : "काका, पहिली धार! मधली नको! तासभर रोखून धरलंय ना?" काकांनी मान हलवली. 'काका' याचं दुःख जास्त होतं की 'रोखून धरलंय' याचं, ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता येईना. बाटली घेऊन तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. बाहेर येऊन म्हणाला, "आत नुसता पंखा फिरत असला तरी होत नाही गं." इतक्या वर्षांत मला या माणसाबद्दल एवढी माया क्वचितच वाटली असेल. त्या दिवशी त्यानं जळगावहून आणलेली, आठ दिवस फ्रिजात पडून असलेली वांगी काढून मी भरीत केलं.

कल्चरचा रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. ई. कोलाय. एका मिलिलीटरमध्ये एक लाखाहून जास्त वसाहती. खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकापुढे एस किंवा आर : म्हणजे कुठलं औषध त्या जंतूला लागू पडतं आणि कुठल्याला तो जुमानत नाही. आरच्या रांगेत बरीच बडी नावं होती; आपण सर्दीला परस्पर दुकानातून आणून अर्धवट खाल्लेल्या गोळ्यांचा हा जाहीर हिशेब. नवऱ्यानं मान वाकडी करून वर लिहिलेलं लांब नाव वाचलं, "एशरिकिया. हा कोण?" त्याचा सूर अजून कर्जतचाच होता. मी सांगितलं, एशरिश नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमधून हा जंतू शोधला. तो तुझ्याही आतड्यात आहे, माझ्याही, आईंच्याही. आपल्याच आतड्यातून निघून चार सेंटिमीटर चालून गेला, एवढंच.

"मग नायट्राइट निगेटिव्ह कसं?" ऑडिटर तो ऑडिटरच. त्याचंही उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. हा जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतो, पण त्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास मुरावी लागते. मी ती पंधरा मिनिटांच्या वर मुरू देत नव्हते. सगळा घोळ त्या धावपळीचा. त्यांनी नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं, जेवणासोबत घ्या म्हणाल्या, लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल, घाबरू नका म्हणाल्या. अशी आगाऊ सूचना मिळाली की घाबरायचं ते माणूस आगाऊच घाबरून घेतो.

पीसीआरचे दोन्ही रिपोर्ट त्यानंतर आले. माझा : नॉट डिटेक्टेड. नवऱ्याचा : नॉट डिटेक्टेड. माझा मी वाचून मिटवला. नवऱ्यानं मात्र आपला कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला, आणि तोही रंगीत. त्यावर लॅबचा शिक्का, पॅथॉलॉजिस्टची सही, बारकोड. चारित्र्याचा एवढा पक्का दाखला गावच्या पोलीस पाटलाकडूनही मिळत नाही. तो दिवसभर कागद हातात घेऊन घरात फिरत होता. अडचण एकच होती : दाखवायचा कुणाला? ज्याला दाखवायचा त्याला आधी ही तपासणी का केली ते सांगावं लागणार. ऑफिसात, सोसायटीत, भावाकडे, कुठेच त्याची सोय नव्हती. शेवटी तो कागद त्यानं पॉलिसीच्या फाइलमध्ये ठेवायला घेतला आणि तेवढ्यात सासूबाई आल्या.

"कसला रे रिपोर्ट?"

"शुगरचा," नवरा म्हणाला. "नॉर्मल आहे, आई."

"तपासायला गेलास म्हणजे काहीतरी वाटलं असणार," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेचा डबा त्यांनी वरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून नवरा बिनसाखरेचा चहा पितोय. मी मुद्दामच काही बोलत नाही. परवा त्यांनी त्याच्यासाठी मेथीचे दाणे भिजत घातले आणि मला म्हणाल्या, "त्याला जळगावचं पाणी बाधलं असेल का गं?"